बाक कुठे आहे, मला सांगू नको

होळीची संध्याकाळ, सातची वेळ. अमरावती, आमच्या कॉलनीमागचा मोकळा प्लॉट. होळी रचून तयार, बायका नैवेद्याची ताटं घेऊन उभ्या, आणि पेटवण्याचा मान माझा.

इथपर्यंतची बातमी सरळ आहे. पुढची ऐकायची तर आधी चहा हातात घ्या. उभी हयात मी लोकांच्या भानगडी बाहेर काढल्या. ही माझी स्वतःची, आणि मी ती भर मैदानात, स्पीकरवर बाहेर काढली!

सगळं रामायण एका बाकाचं.

माझ्या मोठ्या भावाची, दादांची, शेंदूरजनाघाटला संत्र्याची बाग आहे. बंदी असताना ज्यांनी ज्यांनी बोअर पाडले त्यांची नावं मी एकदा आमच्या पेपरात छापली. त्यात दादांचंही होतं. सख्खा भाऊ म्हणून वगळायचं? का म्हणून? बातमी खरी होती, आजही छापीन. पण दादा माझ्याशी बोलायचे ते बंदच झाले. लग्नकार्यात गाठ पडली की माझ्या बायकोला विचारायचे, “तब्येत बरी हाय ना याची?” आणि मी हा शेजारी उभा!

मग दोन पावसाळ्यांपूर्वी वादळात बांधावरचा साग पडला. आमच्या बाबांनी लावलेला. इतक्या वर्षांनी दादांचा फोन आला.

“बाबाचा साग पडला. अर्धा तुहा हाय. घेऊन जा.”

बस. फोन बंद.

कुणाही माणसाचे डोळे भरून आले असते. माझेही भरले. पण सवय वाईट! मी उलट फोन केला आणि विचारलं, “दादा, वन खात्याकडून वाहतुकीची परवानगी काढली का?”

दादा म्हणाले, “बाप आपला, झाड आपलं, बांध आपला. अन् परवानगी मांगू कोनाले बे? तुह्या पेपराले?”

तरी काढली त्यांनी. लाकूड आलं, आणि मी ठरवलं, अंगणात बाक करायचा. तिघं ऐसपैस बसतील असा. फाटकातून आत आलं की समोर बाबांचा साग दिसला पाहिजे.

आता बाहेर ठेवायच्या लाकडाचं शास्त्र असतं महाराजा, आणि मी विषयात शिरलो की मुळापर्यंत जातो. सालीकडचं पांढरं लाकूड काढून टाकायला लावलं, कारण वाळवी पहिल्यांदा त्याच्यावरच तुटून पडते. उरलेलं आतलं लाकूड छपरीत वर्षभर सुकवलं. बसायच्या पट्ट्यांमध्ये बोट जाईल एवढी फट, म्हणजे पावसाचं पाणी साचत नाही, हवा खेळते. स्क्रू पितळी, कारण लोखंडी गंजतात आणि सागाला काळे डाग पाडतात. पाय मातीत नाहीत, चार फरश्यांवर.

सुतार माझ्या प्रत्येक सूचनेला “होते ना साहेब” म्हणायचा आणि स्वतःला हवं तेच करायचा.

“पॉलिश मारू साहेब! आरशावानी चमकन!”

“आणि मे महिन्यात पापुद्रे निघाले की?”

“तं पुना मारू!”

मी ऐकतो का? जवसाचं तेल आणलं. कापडानं चोळायचं, सुकवायचं, पुन्हा चोळायचं. सभेला आलेला पुढारी मठ्ठा पितो तसं ते लाकूड तेल पीत होतं. बायको म्हणाली, “माह्या गुडघ्याले कधी एवढं तेल नाई लावलं.”

सुतारानं माझी नजर चुकवून बाकाच्या पाठीवर एक संत्रंही कोरलं. निदान त्याच्या मते ते संत्रं होतं. मला विचाराल तर बटाटा.

आणि एक दिवस दादांनी बायकोला फोनवर सांगितलं, “धुळवडीले येतो. बाबाच्या सागावर बसून पाह्यतो म्हना त्याले.”

म्हणजे कळलं ना? दादा माझ्या दारात येणार! मधला अबोल्याचा सगळा काळ त्या बाकावर बसून मिटणार. त्या दिवसापासून तो बाक नव्हता, तहाची जागा होती.

पण धुळवडीच्या आदल्या दिवशी काय असतं? होळी!

आणि आमच्या कॉलनीचा रिवाज तुम्हाला माहीत नाही. होळीच्या दिवशी उघड्यावर सापडलं ते लाकूड होळीचं. होळीत गेलेलं परत मागायचं नाही, शिवी दिली तर ती आशीर्वाद समजून घ्यायची. गेल्या वर्षी एका डॉक्टरांची अख्खी पाटी गेली, पदवीसकट. आणि हे करणारी पोरं नव्हेत बरं! निवृत्त माणसं. होळी समितीचे अध्यक्ष तायडे साहेब, पाटबंधारे खात्यातले. नोकरीत असताना त्यांच्या कालव्याच्या गळतीवर मी तीन दिवस लिहिलं होतं. कालवा अजून गळतो, आणि साहेब अजून विसरलेले नाहीत.

होळीच्या आदल्या दिवशी ते सकाळच्या फिरण्यात माझ्या फाटकाशी थांबले. बाकाकडे पाहिलं. हात पाठीमागे बांधून हसले.

“यंदा होळी जोरदार होते बरं, पत्रकार साहेब!”

तुम्हीच सांगा, ही धमकी नाही तर काय आहे?

बाक आत नेऊन बघितला. दारातून जाईना. (मापं मीच दिली होती. हा मुद्दा सध्या बाजूला ठेवू.) माझा साळा बाळू सणाआधी बहिणीला भेटायला अकोल्याहून आलेला. गडी ताकदीचा, शब्दाला पक्का. मी त्याला बाजूला घेतलं.

“बाळू, हा बाक लपव. कुठेही लपव. पण कुठे, ते मला सांगू नको.”

“तुमाले सांगू नको? काहून?”

“कारण मला खोटं बोलता येत नाही. तायडे समोर येऊन विचारतील, बाक कुठे आहे? मला माहीत असेल तर चेहऱ्यावर दिसेल. माहीतच नसेल तर दिसणार काय? आमच्या धंद्यातलं तत्त्व आहे हे. आणि ताईलाही सांगायचं नाही. शपथ घे.”

“घेतली भाऊजी. तुमी कायजीच करू नका. मी असा लपवतो का तुमालेच सापडनार नाई!”

एवढा प्रामाणिक शब्द आयुष्यात मला कुणी दिला नव्हता.

होळीच्या दिवशी दुपारी मी बाजारातून आलो तर अंगणात चार फरश्या उघड्या. बाक गायब! बाळूही अकोल्याच्या गाडीत बसून गेलेला. मी इतका खूश, इतका खूश की फरश्यांवरून हात फिरवला.

तेवढ्यात समिती आली. तायडे साहेब आणि त्यांचे तीन सोबती, वर्गणीतून आणलेल्या टोप्या घालून.

“अरे, बाक कुठी गेला?”

“मला माहीत नाही,” मी म्हणालो. आणि काय सांगू, चेहरा असा निर्मळ, असा निष्पाप! तत्त्व काम करत होतं.

“साहेब, यंदा लाकडंच नाईत. होळी एवढीशी झाली. काही तं द्या!”

जिंकलेल्या माणसाला दानत सुचते. घराच्या बाजूच्या गल्लीत, आंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीसाठी पऱ्हाटी आणून ठेवलेली होती. शेतातून कापूस निघाला की उरतात त्या वाळक्या काड्या. सकाळपर्यंत त्या विस्कटून पडलेल्या होत्या. आज बघतो तर नायलॉन दोरीनं आवळून नीट एकच मोठा भारा बांधलेला. मला वाटलं, बायकोनं सणाची साफसफाई केली.

“न्या हा भारा!” मी म्हणालो. “सगळा न्या! माझ्याकडून होळीला!”

चौघांनी चार बाजूंनी हात घातले. उचलेना. पुन्हा हात घातले. एकाची टोपी पडली.

“अबे, पऱ्हाटी हाय का लोखंड?”

“निवृत्ती घेतली म्हणजे दमही सोडला का?” मी फाटकाशी उभा राहून ओरडलो. “उचला! जोर लावा!”

कण्हत, थांबत, टेकवत ते भारा घेऊन गेले. तायडे साहेब वळून म्हणाले, “यवढं दान देल्लं तं यंदा पेटवाचा मान तुमचाच.”

तर अशी ती सातची वेळ.

मी पेटवायच्या आधी भाषण केलं. होळीच्या नावाखाली लोकांच्या वस्तू पळवणं ही चोरी आहे, मी स्वतः हमी देतो की या होळीत चोरीची एकही काडी नाही, वगैरे. मागून बायकोचा आवाज आला, “अहो, तुमी न बोलाल तं होळी पेटनार नाई का?”

मी चूड लावली.

सुरुवातीला पऱ्हाटी तडतडली. मग एकदम आतून असा भडका उठला की बायका ताटं घेऊन मागे सरकल्या. कॉलनीच्या इतिहासात अशी होळी झाली नसेल! लोक बोंबा मारू लागले. कुणीतरी म्हणालं, “वास काय सुटला बाप्पा, जवसाच्या चटनीवानी!”

जवस?

मी पुढे झालो. पऱ्हाटी जळून खाली बसली होती आणि ज्वाळेच्या मधोमध, लालभडक, एक बटाटा माझ्याकडे पाहत होता.

“बाक!” मी ओरडलो. “माझा बाक!”

पाणी, बादली, बांबू, काय वाटेल ते मागितलं. जवळ जायची सोय नव्हती. पट्ट्यांच्या फटी मी हवा खेळावी म्हणूनच ठेवल्या होत्या, आणि हवा छान खेळत होती!

आणि मग, मित्रांनो, मी पत्रकार झालो. तायडे साहेबांची कॉलर धरली.

“चोर! लपवलेला बाक शोधून काढलात आणि माझ्याच हातानं पेटवलात!”

“अहो, कोन्ता बाक? आमी पाह्यलाच नाई!”

“गळती झाकलीत तसंच हे झाकणार?”

मी तिथूनच पेपरच्या डेस्कवर फोन लावला आणि तोंडी बातमी सांगितली. ज्येष्ठ पत्रकाराचा बाक चोरून होळीत, समितीवर संशय. डेस्कवरची पोरगी कामाची, बातमी तिनं लगेच वेबसाइटवर टाकली. आजूबाजूच्यांचे मोबाइल टुणटुण वाजू लागले. तायडे साहेब स्वतःवरची बातमी होळीच्या उजेडात वाचत होते. दोनदा त्यांनी चष्मा पुसला, आणि मला वाटलं, गुन्हेगार असाच वेळ काढतो.

इतक्यात माझा फोन वाजला. बाळू.

साक्षीदार असावेत म्हणून मी तो स्पीकरवर टाकला. नीट ऐका. मी. स्वतः. स्पीकरवर टाकला.

“भाऊजी, होळीच्या शुभेच्छा! बाक सुखरूप हाय ना?”

“बाळू, तू तो कुठे लपवला होतास? सगळ्यांसमोर सांग!”

“नाई भाऊजी. तुमी शपथ घातली हाय.”

“मी सोडवतो शपथ! सांग!”

“तुमी मले पारखून राहिले. मी नाई सांगनार.”

“बाळ्या, सांग!”

“बरं, सांगतो. पन कोनाले बोलू नका. बाक उलटा केला, वरून-खालून पऱ्हाटी लावली अन् दोरीनं असा आवळला का कोनाचा बापही वळखनार नाई. तेवढी पऱ्हाटी कोनाले देऊ नका म्हंजे झालं.”

होळी तडतडत होती. सगळी कॉलनी माझ्याकडे वळली.

तायडे साहेबांनी कॉलरचं बटण लावलं. आवाज अगदी सौम्य.

“पत्रकार साहेब, तुमी मले चोर म्हनले. तो शब्द ठेवता का काढता?”

आयुष्यभर मी खुलासे छापायला नकार दिला. त्या संध्याकाळी माझ्याच बातमीखाली माझाच खुलासा मी सांगितला, आणि डेस्कवरच्या पोरीनं विचारलं, “सर, यात ‘अनवधानाने’ लिहू का?”

धुळवडीच्या दुपारी दादा आले. खांद्यावर संत्र्याची पिशवी, अंगावर पांढरा सदरा. फाटकातून आत येऊन ते त्या चार फरश्यांसमोर उभे राहिले. मी दारात. वर्षानुवर्षं हाच क्षण डोळ्यांपुढे होता, आणि आता त्यात बसायला जागा नव्हती.

“बाक?”

मी सांगितलं. काही गाळलं नाही. दादा फरश्यांकडेच बघत होते. बाबांच्या सागाबद्दल ते आता काय बोलतील, की पिशवी तशीच उचलून परत जातील, मला समजेना.

दादा एका फरशीवर उकिडवे बसले.

“सुध्या, माह्या बोअरची बातमी कोन्या पानावर व्हती?”

“पहिल्या.”

“अन् ही?”

“वेबसाइटवर आहे.”

“नाव टाकलं का?”

“‘एका ज्येष्ठ पत्रकाराचा’ असं आहे.”

“माहं तं गावासकट टाकलं व्हतं बे!”

आणि ते हसायला लागले. असे हसले की ठसका लागला, बायको पाणी घेऊन धावली. मग त्यांनी एक संत्रं सोललं, मधोमध फोडलं आणि हात माझ्याकडे केला.

“घे. अर्धा तुहा हाय.”

मी समोरच्या फरशीवर बसलो. दगड चांगलाच तापला होता, पण कोण उठतो!

दादा गेल्यावर मी राखेतून पितळी स्क्रू वेचून आणले. काळवंडले होते, पण गंज नाही. मग सवयीप्रमाणे चौकशी सुरू केली, कारण एक मुद्दा अजून शिल्लक आहे. पऱ्हाटीचा भारा एकटी बाई डोक्यावर घेऊन शेतातून घरी येते. हाच भारा चार माणसांना उचलेना, टोप्या पडल्या, तोंडातून लोखंडाचं नाव निघालं, तरी आत काय आहे, हे कुणीच का बघितलं नाही? तायडे साहेब म्हणतात, पऱ्हाटी ओली वाटली. दुसरे म्हणतात, मागचा उचलतच नव्हता. मागचा म्हणतो, मीच तर उचलत होतो. चौथे सध्या मुलीकडे गेलेत.

त्या वेळी फाटकाशी उभं राहून “जोर लावा” म्हणून ओरडणारा एक पाचवा इसमही घटनास्थळी हजर होता. त्याच्याशी वारंवार संपर्क साधूनही प्रतिक्रिया मिळू शकलेली नाही.