नव्या भागाला लावलेलं कुंकू

हातात धरून खेळायचा जुना व्हिडिओ गेम काल पुसायला काढला, तर बटणाच्या खाचेत कुंकू दिसलं.

लहानपणी या खेळाच्या पहिल्या भागाची मी पारायणं केली होती. दुसरा भाग मामाने नव्या मशीनसकट लालबागच्या खोलीवर आणून दिला. मी बटण दाबणार, तोच बाबा ओरडले, “थांब गो! पूजेशिवाय मशीन चालू करतात काय?” गिरणीत ते दसऱ्याला मागाची पूजा करायचे, संपानंतर ती राहिलीच होती.

“बटणं चिकटतील, बाबा!”

त्यांनी कुंकू लावलंच.

पडद्यावर तेच गाव, आता वाढलेलं. तोच जादूगार, दाढी पिकलेला. जुनी धून लागली नि मला रडूच आलं. बाबांनी मशीनला कान लावला. “आवाज चांगला आहे हिचा.”

काल मी तेवढी खाच पुसली नाही.