दोन दारांची शेगडी

स्टोव्हमधली राख रोज काढा, कोपऱ्यात थोडी उरतेच. आमच्या शोरूममधले किस्सेही तसेच साठत गेलेत! मी आणि माझा नवरा प्रशांत नाशिकमध्ये फायरप्लेस विकतो म्हटलं की लोक आधी हसतात. "मग उटीला दुकान टाकायचं ना!" त्यांना मी म्हणते, जानेवारीत पहाटे स्कूटरवरून गंगापूर धरणापर्यंत एक चक्कर मारा, मग बोलू.

संध्याकाळी आम्ही दिवे मंद करतो आणि डेमोचा स्टोव्ह पेटवतो. काचेमागे ज्वाळा संथ हलत राहतात, आणि आत आलेला माणूस कशासाठी आलाय तेच विसरतो.

*

एका रविवारी एक जोडपं "नुसतं बघतोय" म्हणत आलं. स्टोव्हसमोरच्या सोफ्यावर टेकलं आणि दोघंही गाढ झोपली! तिचं डोकं त्याच्या खांद्यावर. प्रशांत शटरकडे बघायला लागला, मी खुणेनेच सांगितलं, राहू दे रे.

बऱ्याच वेळाने ते गृहस्थ जागे झाले. काचेकडे बघत बसले आणि तृप्त होऊन म्हणाले, "वा! हा सोफा केवढ्याला?"

*

एका बाईंनी इलेक्ट्रिक फायरप्लेस नेली. तिच्या ज्वाळेचा रंग रिमोटवर बदलतो. पडद्यांना मॅच होतो म्हणून बाईंनी निळा ठेवला. आठवड्याने फोन आला.

"अहो, येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, गॅस चालू राहिलाय का!"

*

मग इंदिरानगरचा नितीन आला. रो-हाऊस, बायको स्वाती, आणि जिवाला एकच घोर. आई गेल्यापासून त्याचे वडील, आप्पा, मनमाडला एकटे. रोज संध्याकाळी अंगणात शेकोटी पेटवायचे. मागच्या थंडीत तिथेच चक्कर येऊन पडले, शेजाऱ्याने उचललं म्हणून वाचले.

"यंदा त्यांना इकडे आणायचंच आहे मॅडम. पण ते म्हणतात, विस्तव असेल तिथंच राहीन."

*

आप्पा स्वतः बघायला आले. इलेक्ट्रिकपुढे हात धरला आणि मागे घेतला.

"फोटोसमोर किती वेळ बसायचं?"

प्रशांतने पेलेट स्टोव्ह दाखवला. आप्पांनी त्या भुशाच्या गोळ्या तळहातावर घेतल्या. "ह्याला लाकूड नाय? पेंड घालता व्हय?"

*

शेवटी भिंतीला लागून असलेला लाकडाचा स्टोव्ह पेटवला. आप्पा खुर्ची ओढून बसले. बघता बघता त्यांचा चेहरा सैल झाला. नितीन मला डोळ्यांनीच विचारत होता, जमलं?

"आग चांगली हाय," आप्पा म्हणाले. "पण भिंतीकडं तोंड करून कोण बसतं? शेकोटीला समोर माणूस लागतं."

आणि संध्याकाळच्या गाडीने मनमाडला निघून गेले. नितीनचं तोंड बघवेना हो! इतका मोठा माणूस, शोरूमच्या पायरीवर बसून राहिला.

*

दुसऱ्या दिवशी स्वाती एकटीच आली.

"ताई, दोन्हीकडून काच असलेली शेगडी मिळते ना? हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधली भिंत फोडा."

"अगं, तिथे तर तुझा फ्रिज आहे म्हणालीस!"

"जाईल जिन्याखाली!"

भिंत फोडली, धुराडं गच्चीवर काढलं. इकडे हॉलमध्ये एक दार, तिकडे स्वयंपाकघरात एक.

*

पहिल्यांदा पेटवायला आम्ही दोघं हजर होतो. आप्पा आले, पण बॅग न घेता. "बघतो आणि रात्रीच्या गाडीनं परत," दारातच सांगून टाकलं.

हॉलमध्ये पाटावर बसले. लाकडं पेटली, मग निखारे झाले. ज्वाळांपलीकडे, स्वयंपाकघरात, स्वाती जमिनीवरच बसली होती. डोक्यावरून शाल घेतली होती, चेहरा उजेडात हलत होता. आप्पांनी दार उघडून एक रताळं निखाऱ्यात सरकवलं. लाकूड तेवढं तडतडत होतं. मलासुद्धा पेंग यायला लागली.

नितीन किल्ली घेऊन उभा राहिला. "आप्पा, निघायचं का? गाडीची वेळ झाली."

आप्पांची नजर काचेवरून हलली नाही.

"सुमे, उलट की गं, करपंल!"

सुमन म्हणजे नितीनची आई.

नितीन जागच्या जागी थिजला. पलीकडे स्वातीने शांतपणे आपलं दार उघडलं, चिमटा आत घातला.

"उलटलं हो. पण अजून कच्चं आहे, वेळ लागेल."

आप्पांनी पाय लांब केले.

"ऐकलंस ना नित्या? ती काय म्हणतेय? ठेव ती किल्ली."