पापणीवरची मण्यार

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील तमाम सगेसोयरे, शेजारीपाजारी आणि ज्यांनी ज्यांनी माझ्या फोटोखाली हात जोडलेली चित्रं पाठवली, त्या सर्वांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की मी जिवंत आहे.

हे निवेदन एवढ्या उशिरा काढायचं कारण म्हणजे दासगावची माझी मामेबहीण. ती परवा महाडच्या बाजारात मला बघून भाजीची पिशवी टाकून पळाली. कांदे गोळा करत मी तिच्यामागे धावले, तेव्हा ती आणखी जोरात पळाली! तेव्हा म्हटलं, आता लिहूनच टाकावं. नाहीतर एखादा माझं वर्षश्राद्ध घालून मोकळा व्हायचा.

तर सुरुवात आमच्या गल्लीतल्या रेहानापासून. रेहानाचा भाऊ दुबईला एका मोठ्या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात आहे. सुट्टीवर येताना तो तिकडचा न खपलेला माल घेऊन येतो आणि रेहाना तो घरून विकते. माल अस्सल, कंपन्या अशा की त्यांची नावं घेतानाच आपली जीभ सुंदर होते, आणि भाव मात्र अर्ध्याहून खाली. आता न खपलेला माल का खपलेला नसतो, हा प्रश्न शहाण्या माणसाला पडतो. मला पडला नाही.

फाउंडेशनची एकच छटा उरली होती. ती बहुधा बर्फात राहणाऱ्या बायकांसाठी केलेली असावी. माझा रंग नाचणीच्या भाकरीचा, तोही तव्यावर जरा जास्त राहिलेल्या. रेहाना बिचारी प्रामाणिक. म्हणाली, "काकी, हा तुमचा शेड नाही. तुम्ही राखेतून उठल्यासारख्या दिसाल." मी म्हटलं, तू पिशवी दे. मग पापण्यांसाठी गडद निळी, चांदीसारखी चमचमणारी आयशॅडो घेतली. ती टिकावी म्हणून आधी लावायचा चिकट लेप घेतला. आणि एवढी मोठी खरेदी केली म्हणून तिने ओठ भरदार दिसण्याची एक नळी फुकट दिली. (फुकट मिळालेल्या वस्तूने माझं आजवर कधीच भलं झालेलं नाही, पण ते नंतर.)

हा सगळा खटाटोप सायलीच्या साखरपुड्यासाठी. सायली ही माझ्या मोठ्या दिरांची मुलगी. दिरांचं घर वर कुडपणला, शेती तिथेच. मुलाकडची माणसं मूळची पोलादपूरचीच, पण आता पक्की मुंबईकर. मुलाच्या आईचा फोटो मी पाहिला होता. काय त्या पापण्या! उघडझाप केली की लाइटबिल येत असेल. मी तेव्हाच ठरवलं, की महाडची पापणी मुंबईपुढे झुकणार नाही.

पण घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता, आणि त्याचं कारण पापण्या नव्हे. सायलीची याआधी दोन स्थळं अगदी सुपारी फुटता फुटता मोडली होती. पोरगी हसायची विसरली होती. त्यात या मुलाचे मामा म्हणजे शकुन-अपशकुनाचं चालतंबोलतं पंचांग. वाटेत मांजर आडवं गेलं म्हणून ते एकदा दुसऱ्या एका भाच्याच्या लग्नाची बोलणी सोडून घरी परतले होते. म्हणून जाऊबाईंनी घरात फर्मान काढलं होतं, की आज कुणी शिंकायचं पण नाय.

मी शिंकले नाही. एवढं श्रेय मला द्या.

घाट मला लागतो. म्हणून महाडहून निघतानाच उलटीची गोळी घेतली होती, आणि पोलादपूरच्या पुढे वळणं सुरू झाल्यावर भीतीने आणखी एक. कुडपणला पोचेपर्यंत माझं धड जीपमध्ये होतं आणि डोकं कुठेतरी प्रतापगडाच्या बाजूला तरंगत होतं. तरीही मी मागच्या अंधाऱ्या खोलीत शिरले, दार लावलं आणि तळहाताएवढ्या आरशात बघून कामाला लागले. कुणालाही काही सांगितलं नाही. एकदम बाहेर पडून सगळ्यांना गार करायचं, असा बेत होता. तो पार पडला, फक्त वेगळ्या पद्धतीने.

आधी तोंडभर ते बर्फातलं फाउंडेशन थापलं. चिकट लेप नखाएवढा लावायचा असतो. मी आमसुलाच्या चटणीएवढा लावला. त्यावर निळं, निळ्यावर चांदी. ओठांना नळीतलं लावलं, तर मुंग्या आल्या. वाटलं, भारी माल असणार. मग लेप वाळेपर्यंत जरा पाठ टेकावी म्हणून तिथल्याच घोंगडीवर जमिनीवर आडवी झाले. आणि दोन गोळ्यांनी आपलं काम केलं.

जाग आली ती भागीरथीकाकींच्या हाकेने. काकी म्हणजे आमची चुलतसासू. वय सत्तरीच्या पुढे, नजर घारीची, आवाज पाऊलवाटेवरून पलीकडच्या वाडीला ऐकू जाणारा. त्यांनी मोबाइलच्या उजेडात माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांचा तो आवाज एकदम कुजबुजीवर आला.

"हिला पान लागलं गो."

आमच्याकडे साप चावला असं तोंडाने म्हणत नाहीत. पान लागलं म्हणतात. आणि पान लागलं म्हटल्यावर जी शांतता पसरते, तिचा अर्थ आमच्या डोंगरातल्या लहान पोरालाही कळतो.

जाऊबाई धावत आल्या. भिंतीला टेकून हळू आवाजात म्हणाल्या, की ह्याच खोलीतल्या लाकडांच्या ढिगात ह्याच हप्त्यात मण्यार मारली होती. म्हणजे दुसरी असणारच. मण्यार जमिनीवर झोपलेल्यालाच चावते, चावलेलं कळत नाही, खूणही राहत नाही. आधी माणसाच्या पापण्या मिटतात. मग जीभ जड होते. मग…

मी पापण्या उघडायला गेले. उघडेनात! चिकट लेप घट्ट बसला होता. मी बोलायला गेले. जीभ गोळ्यांनी टाळ्याला चिकटलेली. ओठ बधिर, जणू दुसऱ्याच कुणाचे.

तुम्ही म्हणाल, बाई, तुम्हीच रंग लावला होता ना? लावला होता हो! रंग माझा, हे मला ठाऊक होतं. पण ओठ का बधिर झाले? पापण्या का मिटल्या? फाउंडेशनने कुणाची जीभ जड झालेली ऐकली आहे का? एक डोळा किलकिला झाला, तेव्हा समोर घरभर माणसं माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावून उभी होती. एवढी माणसं तुम्हाला मेल्यासारखं बघायला लागली, की तुम्हीही त्यांच्याच बाजूने मत देता. मी दिलं.

कुणीतरी विष उतरवायला भगताला आणायचं म्हणालं. काकींनी त्याला तिथेच गप्प केलं, "भगत मागनं. आदी इंजेक्शन." मग त्यांनी जुनी परीक्षा काढली. पान लागलेल्याला मिरची तिखट लागत नाही. चुलीकडून कुणीतरी धावत मिरची आणून माझ्या तोंडात कोंबली. मी चावली. काहीच नाही. आणखी चावली. काकडीसारखी! मी मान हलवली, आणि अख्ख्या घराने हंबरडा फोडला. (ती पाहुण्यांच्या भज्यांसाठी आणलेली जाडी, गोडी मिरची होती, हे स्वयंपाकघरातल्या बायकांना तिसऱ्या दिवशी आठवलं.)

दिरांनी जीप काढली; तेवढ्यात कुणीतरी माझा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलाही. मला मागच्या बाकावर घातलं. डोकं काकींच्या मांडीवर, पाय जाऊबाईंच्या. आमचे हे पुढे बसले, पण तोंड मागेच. त्यांचा हात माझ्या हातात होता आणि तो माझ्याहून गार होता. मी त्यांना जड जिभेने सांगायचा प्रयत्न केला, की मी रंग लावलाय. ते दिरांना म्हणाले, "दादा, लवकर घे. बडबडायला लागली."

रस्ता म्हणजे एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मध्ये आमचे दीर. काकी मला झोपू देत नव्हत्या. पान लागलेला झोपला की संपला. म्हणून प्रत्येक वळणावर गालावर एक चापटी. घामाने निळं आणि चांदी गालांवरून खाली वाहायला लागलं होतं, आणि काकींचा तळवाही निळा होत होता. तो बघून त्या आणखी जोराने मारत होत्या.

मी मरायला टेकले होते, याबद्दल आता माझ्या मनात शंका नव्हती. श्वास मोजत होते. आणि खरं सांगते, त्या क्षणी पापण्या, मुंबई, विहीणबाई, सगळं गळून पडलं. डोक्यात एकच होतं. मी आज मेले, तर घराला सुतक लागणार. साखरपुडा मोडणार. तिसऱ्यांदा. आणि या वेळी पोरीचं स्थळ खाणारी मी असणार, तिची काकी, जिने तिला अंगाखांद्यावर खेळवलं. मी रडायला लागले, तर पापण्यांतून निळं पाणी आलं. जाऊबाईंनी ते पाहिलं. त्याही रडत होत्या. माझे पाय चोळत, अगदी मायेने, त्या म्हणाल्या, "जरा तग धर गो बाय. अंगठी घालेपर्यंत तरी."

मी मान हलवली. प्रयत्न करते म्हटलं.

आणि एका वळणावर समोरून दोन गाड्या आल्या. मुलाकडची मंडळी! आम्ही स्वागतालाच घाटात उतरलो, असं समजून विहीणबाई हसत खाली उतरल्या आणि त्यांनी आमच्या जीपमध्ये डोकं घातलं. मी किलकिल्या डोळ्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि रीत म्हणून हसले. (निळं पाणी, पांढरं तोंड, सुजलेले ओठ. ते हसू आठवलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो.) विहीणबाईंचं हसू तसंच राहिलं, फक्त मागचा चेहरा निघून गेला. मागच्या गाडीतून मामा उतरले होते. त्यांनी लांबूनच एक नजर टाकली आणि जाहीर केलं, की आजचा दिवस बरा नाही, परत फिरू या.

परत फिरायला जागा नव्हती, हे आमचं नशीब. घाटात जीपला वाट देताना त्यांनाच रुंद वळणापर्यंत उलटं यावं लागलं, आणि तिथून माणुसकी म्हणून दोन्ही गाड्या पोलादपूरपर्यंत आमच्या मागे आल्या. अशी आमची वरात सरकारी दवाखान्यात पोचली.

डॉक्टर तरुण मुलगी होती. शांत. तिने हातपाय तपासले, नाडी पाहिली, मला तिचे हात घट्ट दाबायला सांगितले. मी दाबले, ती "आई गं" म्हणाली. मग तिने अंगठ्याने माझी पापणी वर उचलली. पापणी उचलली गेली. तिने अंगठा पाहिला. अंगठा निळा होता, आणि चमचमत होता. तिने सिस्टरकडून ओला कापूस मागितला आणि माझ्या गालावरून एकदा फिरवला.

कापसावर राखाडी, निळं, चांदी. काकी खिडकीशी उभ्या होत्या. हात जोडून म्हणाल्या, "बघा, इख उतरतंय."

डॉक्टरने दुसरा कापूस घेतला. मग तिसरा. मग माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, की आज तुम्ही काही घेतलं होतं का, आणि तोंडाला काही लावलं होतं का. मी एकेक सांगायला लागले. गोळ्या. लेप. नळी. रेहाना. दुबई. प्रत्येक शब्दाबरोबर तिचे खांदे जास्त हलत होते. सिस्टर तर औषधाच्या कपाटात तोंड घालून उभी होती. तरी डॉक्टरने आपलं काम सोडलं नाही. मण्यारीच्या बाबतीत चेष्टा नको म्हणाली, आणि थोडा वेळ मला बसवून ठेवून पुन्हा पुन्हा तपासलं. मग तोंड धुवायला दवाखान्याचा साबण दिला आणि बाहेर जायला सांगितलं.

बाहेर जायची मला मण्यारीहून जास्त भीती वाटत होती.

व्हरांड्यात दोन्हीकडची माणसं भिंतीला टेकून समोरासमोर उभी होती. आमच्या ह्यांनी बातमी आधीच सांगितली होती, त्यामुळे रडणं थांबलं होतं, पण हसायची हिंमत कुणाची नव्हती. मामा घड्याळ बघत होते. मुहूर्त जवळ येत होता. मरण टळलं हे खरं, पण शुभकार्याला निघाल्यावर दवाखान्याची पायरी चढली, हा अपशकुन धरायचा की नाही, हे ठरायचं होतं, आणि ते ठरवणार होत्या विहीणबाई. मागून निघालेल्या दुसऱ्या जीपने सायली येऊन पोचली होती. नऊवारी, नथ, आणि डोळ्यांत तीच दोन वेळची भीती. ती माझ्याकडे बघत होती. मी दारात उभी होते. साबणाने रगडलेलं, लाल, चट्टे पडलेलं, चापट्यांनी सुजलेलं माझं स्वतःचं तोंड घेऊन.

साखरपुडा त्याच दुपारी झाला, मुहूर्तावर झाला, आणि भजीही झाली. पण तो माझ्या जगण्याने झाला नाही, की डॉक्टरच्या हुशारीने. तो झाला, कारण त्या शांततेत भागीरथीकाकी माझ्या अगदी समोर आल्या, हनुवटी धरून माझा धुतलेला चेहरा उजेडाकडे वळवला, बराच वेळ निरखला, आणि मग जे बोलल्या, ते ऐकून विहीणबाई हसून हसून मामांच्याच खांद्यावर कोसळल्या.

"खरं सांगू काय गो? इख चढलेलं, तवाच चांगली दिसत होतीस."