चारचौघांतली आयरिश

माझी नात साडेतीन वर्षांची आहे आणि तिला तीन भाषा येतात. आईशी ती आयरिश बोलते, शेजाऱ्यांशी इंग्रजी आणि बापाशी मराठी, तीही बाप दमलेला नसेल तर. माझा मुलगा आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, समुद्राला लागून असलेल्या एका गावात राहतो. सून तिथलीच. त्या गावात अजून घराघरांत आयरिश बोलतात आणि मुलांशी मी माझ्याच भाषेत बोलणार, हे तिने लग्नाआधीच सांगून ठेवलं होतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आम्ही बाळकुमचे कोळी. सासूबाईंची घरातली बोली वेगळी आणि शाळेतली मराठी वेगळी, हे मी इथे नांदायला आल्यापासून पाहिलेलं आहे.

अडचण व्हिडिओ कॉलवर आली. नात रंगात येऊन काहीतरी लांबलचक सांगायची, हात फिरवून, डोळे मोठे करून. सांगून झालं की माझा मुलगा म्हणायचा, "ती म्हणतेय, कुत्रा पळाला." बस, एवढंच. आत किती गेलं आणि बाहेर किती आलं, याचा मेळ बसत नव्हता. मी आमच्या सोसायटीची खजिनदार आहे. मेळ न बसलेली गोष्ट मला तशीच सोडता येत नाही. डिसेंबरात ती सगळी महिनाभर राहायला येणार होती. तोवर नातीशी दुभाष्याशिवाय बोलण्याइतकी आयरिश शिकायची, असं मी ठरवलं.

ठाण्यात जर्मन शिकवतात, फ्रेंच शिकवतात, जपानीलाही मुलांची रांग असते. खोपटला भाषांचा एक क्लास आहे, तिथे मी स्वतः जाऊन विचारलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आयरिश म्हणजे इंग्लिशच ना, मॅडम? स्पोकन इंग्लिशची बॅच सोमवारपासून आहे."

"इंग्लिश नाही. वेगळी भाषा आहे ती."

तिने जरा विचार केला. "मग जर्मन करा ना. तिकडेच आहे ते पण."

आयर्लंडमधले ऑनलाइन वर्ग पुष्कळ सापडले, पण सगळे त्यांच्या संध्याकाळचे, म्हणजे आपल्या मध्यरात्रीचे. शेवटी एक बाई मिळाल्या. शनिवारी त्यांच्या सकाळी, म्हणजे आपल्या दुपारी, शिकवायला त्या तयार होत्या. त्यांची अट एकच होती, निदान पाच जण हवेत. एकट्यादुकट्याला भाषा शिकवून उपयोग नाही, बोलायला माणसं लागतात, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या रहिवाशांचा एक ग्रुप आहे. त्यावर मी लिहिलं, "आयरिश शिकायला चार जण हवेत. चेष्टा नाही." पहिलं उत्तर आलं, "आयरिश कॉफी चालेल का?" दुसरं, "आधी मराठी वाचवा, ताई." मला दोन्ही जमेल, असं मी त्याला कळवलं. तिसरं उत्तर मात्र कामाचं होतं. शहाडच्या एका नर्सला आयर्लंडमधल्या हॉस्पिटलात नोकरी लागली होती. इंग्रजी पुरे आहे असं सगळे सांगत होते, पण तिला म्हातारे पेशंट सांभाळायचे होते आणि म्हातारी माणसं दुखायला लागलं की आपल्या भाषेत कण्हतात, हे तिला अनुभवाने माहीत होतं. तिच्याबरोबर तिचा नवराही आला. तो म्हणाला, "काकू, मी तिकडे डिपेंडंट म्हणून चाललेलो. काम मिळेपर्यंत घरी गप्प बसण्यापेक्षा हे बरं." मग डोंबिवलीहून संस्कृतचे एक निवृत्त शिक्षक आले. त्यांना जुन्या भाषांचा नाद होता, दुसरं कारण नव्हतं.

आम्ही झालो चौघं. मी आमच्या घरात पाहिलं.

"माझ्याकडे बघू नकोस," हे म्हणाले. "या वयात ते चित्रविचित्र आवाज काढायचे आणि चारचौघांत हसं करून घ्यायचं. मी चहा करून देईन. तेवढं माझ्याकडून."

बाईंनी पहिला वर्ग चौघांवरच घ्यायचं कबूल केलं. पुढचं पुढे बघू, म्हणाल्या. आमच्या हॉलमध्ये टीव्हीला लॅपटॉप जोडून आम्ही समोर बसलो. सुरुवात आकड्यांनी झाली. दोनला 'दो', तीनला 'त्री'.

"अरे, हे तर आपलंच निघालं," नर्स म्हणाली. "उगाच घाबरलेले मी."

पण माणसं मोजायला हे आकडे चालत नाहीत, असं बाईंनी सांगितलं. माणसांचे आकडे निराळे. पडद्यावरून आमच्याकडे एकेक बोट करत त्यांनी मोजलं, "दिना, बेर्त, त्र्यूर, क्याह्रर." इंग्रजी बोलणारे विद्यार्थी इथे हटकून अडतात, माणसांना वेगळा आकडा कशाला हेच त्यांना कळत नाही, असं त्या म्हणाल्या.

सरांनी वर्गातल्या मुलासारखा हात वर केला. "आमच्याकडे आहेत. दोघं, तिघं, चौघं."

बाईंनी ते आमच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं आणि विचारलं, "आणि पुढे?"

पुढे काही नव्हतं. इतकी वर्षं आकड्यांत घालवून ही गोष्ट माझ्या कधी लक्षात आली नव्हती. आपल्याकडे माणसांचे खास आकडे चारला संपतात, मग पाच जण, सहा जण. आयरिशमध्ये ते थेट दहापर्यंत जातात. मला ते जरा लागलंच.

"चारचौघं जमले की समाज झाला," सर म्हणाले. "त्यापुढे मोजायची गरज काय?"

तेवढ्यात हे चहाचा ट्रे घेऊन आले. बाईंनी पडद्यावरून त्यांच्याकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "कूगर."

"मला काय म्हणाल्या त्या?"

"पाचवे म्हणाल्या, काका," नर्सचा नवरा म्हणाला.

"मी फक्त चहा आणलाय."

"चहा ठेवा आणि बसा," सर म्हणाले. शिक्षकाचा आवाज होता तो. हे बसले. पुढच्या शनिवारी चहा आधीच करून थर्मासमध्ये भरून ठेवला होता आणि हे सगळ्यांच्या आधी खुर्चीवर होते. त्यांचे उच्चार माझ्यापेक्षा चांगले आहेत. ते मी मान्य करते, रोज नाही.

भाषा सोपी नाही. लिहितात एक आणि वाचतात भलतंच. पण मराठी माणसाला काही गोष्टी फुकट मिळतात. आयरिशमध्येही माणूस भुकेला नसतो, भूक त्याच्यावर असते. आपल्याला भूक लागते, तशीच ती. नोव्हेंबरात नर्स आणि तिचा नवरा आयर्लंडला गेले. आता ती दोघं तिथल्या खोलीतून वर्गाला बसतात. आमची संख्या पाचच्या खाली गेलेली नाही.

डिसेंबरात मंडळी आली. पहिले दोन दिवस नात आईच्या मागे लपली. मी काही बोललं की ती बापाकडे बघायची, सवयीने. मी घाई केली नाही. तिसऱ्या दिवशी जेवायच्या वेळी मी ताटं तिच्या हातात दिली आणि आयरिशमध्ये विचारलं, "आपण माणसं किती?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग आजोबांकडे बोट केलं, माझ्याकडे केलं, बापाकडे, आईकडे, शेवटी स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "कूगर." पुढे बरंच बोलली. मासा कोणाला मोठा हवा, ताट आजोबांचं कोणतं, असं काहीतरी. सगळं नाही कळलं. निम्म्याहून जास्त कळलं.

मग मी तिला आपले आकडे शिकवले. दोघं, तिघं, चौघं. ती माझ्या पाठोपाठ म्हणत गेली. चौघांवर मी थांबले, ती नाही.

"पाचघं," ती म्हणाली. "सहाघं."

हे जोरात हसले. मुलगा स्वयंपाकघरातून मासळीचं भांडं घेऊन येत होता. "काय म्हणाली ती? सांगू का तुला?"

"नको," मी म्हटलं. "आमचं चाललंय." आणि तिला विचारलं, सातांना काय म्हणायचं.