तांब्याची तार

मला किळस फार लवकर येते. लहानपणापासूनच. वडील भिक्षुकी करायचे, काशीला येणाऱ्या मराठी यजमानांची श्राद्धं आणि पिंडदानं चालवायचे. ते रोज पहाटे पंचा वर खोचून ज्या पाण्यात उभे राहायचे, त्या पाण्यात पायाचा अंगठा घालायचा म्हटलं तरी मी आढेवेढे घ्यायचो. मुंजीनंतर मला त्यांच्या हाताखाली बसवायचं ठरलं होतं. मी आयटीआयला गेलो आणि पुढची पस्तीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात डिझेल इंजिनांवर काढली. भटाच्या मुलाला ते काळं तेल कसं चालतं, असं नातेवाईक विचारायचे. मला तेलाची कधीच किळस आली नाही. तेल कुठून आलं ते माहीत असतं. शिंदे घाटाच्या पायऱ्यांना लागून जे तरंगत असतं, ते कुठून आलं हे न विचारलेलंच बरं.

निवृत्त झाल्यावर मी घाटावर जाऊन लोकांवर ओरडायला लागलो. कुणी नावेतून पॉलिथीनची पिशवी भिरकावली की मी वरून हिंदीत तोंड सोडायचो. फुलं टाकायची तर टाका, पिशवी कशाला? पिशवीलाही मोक्ष हवाय का? लोक हसायचे. घाटावरच्या मल्लाहांनी, म्हणजे नावाड्यांनी, माझं नाव ‘दरोगाजी’, फौजदारसाहेब, ठेवलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारा मल्लाह माझ्याच वयाचा आहे. त्याच्या वडिलांच्या नावेतून माझ्या वडिलांचे यजमान जायचे. त्याची आता इंजिनाची बोट आहे, प्रवाशांना शिंदे घाटावरून रामनगरला नेऊन आणणारी. दोन वर्षांपूर्वी, यात्रेकरूंच्या गर्दीचा कार्तिक लागायला चार दिवस उरले असताना (इकडे तो कोजागिरीच्या दुसऱ्याच दिवशी लागतो), तो सकाळीच लंगडत आमच्या दारात आला. घाटावरच्या गाळात काच लागून तळव्याला सात टाके पडले होते, आणि डॉक्टरने पाय पाण्यात घालायचा नाही म्हणून बजावलं होतं. पण त्याची तक्रार पायाची नव्हती. बोटीचं इंजिन तापत होतं.

घाटावर बोटींच्या पाळ्या लागलेल्या असतात. ज्याची पाळी तोच प्रवासी घेणार, आणि पाळी वाडवडिलांपासून चालत आलेली असते. पण बोट बंद पडली तर पाळी रिकामी ठेवत नाहीत. ती दुसऱ्याला जाते, आणि कार्तिकात गेलेली पाळी परत मिळवायला माणसाला किती जणांचे पाय धरावे लागतात ते मी पाहिलेलं आहे. रामनगरचा एक मिस्त्री येऊन बघून गेला होता. त्याने सांगितलं, हेड खोलावं लागेल, गॅसकेट गेलंय, महिना लागेल. महिना म्हणजे आख्खा कार्तिक. हे सांगताना मल्लाह माझ्याकडे बघत नव्हता, दाराच्या चौकटीकडे बघत होता.

मी हत्यारांची पेटी घेऊन खाली गेलो. बोटीच्या मागच्या फळ्या उचलल्या आणि पहिल्यांदा किळस आली ती मिस्त्रीची. इंजिनाखाली साचलेल्या पाण्यात तो पानाची पिंक टाकून गेला होता. शेजारी गुटख्याच्या पुड्या. ज्याला दुसऱ्याच्या इंजिनाची लाज नाही, त्याने गॅसकेटबद्दल बोलावंच कशाला?

इंजिन डिझेलचं काढून गॅसवरचं बसवलेलं होतं. माझं आयुष्य डिझेलमध्ये गेलं, पण इंधन काहीही असो, तापायची कारणं तीच असतात. मी आधी तेलाची पट्टी ओढून बघितली. गॅसकेट गेलं की पाणी तेलात उतरतं आणि तेल ताकासारखं पांढुरकं होतं. हे तेल काळंभोर, स्वच्छ होतं. मी ते बोटांवर चोळून मल्लाहाला दाखवलं. मिस्त्रीने पट्टी काढूनसुद्धा बघितली नव्हती. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

असल्या इंजिनाला थंड ठेवते ती नदीच. बोटीच्या तळाला एक भोक असतं, त्यावर जाळी. पंप त्या भोकातून पाणी ओढतो, ते इंजिनाभोवती फिरून बाजूच्या नळीतून बाहेर पडतं. त्या नळीची धार बघितली की इंजिनाची तब्येत कळते. मी इंजिन सुरू करायला सांगितलं. घाटाला बांधलेल्या बोटीत धार मनगटाएवढी जाड पडत होती. मग आम्ही दोघेच बोट घेऊन वर निघालो. प्रवाहाच्या उलट, इंजिनावर पूर्ण जोर. अमृतराव घाट येईपर्यंत धार करंगळीएवढी झाली आणि तापमानाचा काटा लालमध्ये गेला. इंजिन बंद केलं. पाच मिनिटं वाहत मागे आलो, परत सुरू केलं, तर धार पुन्हा मनगटाएवढी.

पंपाचं झाकण मी तिथेच उघडलं. आतल्या रबरी चक्राचे सगळे पंख शाबूत होते. पट्टा ताठ होता. आतली गाळणी मल्लाह रोज संध्याकाळी धुतो, तीही साफ होती. मग उरलं काय? पंप जोरात ओढतो तेव्हा पाणी अडतं, पंप थांबला की वाट मोकळी होते. म्हणजे बोटीच्या बाहेर, तळाच्या जाळीवर काहीतरी लोंबतंय. ओढलं की चिकटतं, सोडलं की सुटतं, पण वाहून जात नाही.

मी हे सांगितल्यावर मल्लाहाने नुसती मान हलवली. खाली जाऊन बघायला हवं, एखाद्या पोहणाऱ्या पोराला हाक मार, असं मी म्हणालो. त्याच्या बिरादरीत पाणबुडे काय कमी आहेत? तो म्हणाला, “रहने दीजिए भइया। आप ही देख लीजिए।” मला राग आला. तीस वर्षं मी गंगेत उतरलो नव्हतो, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. वडिलांच्या अस्थी सोडल्या तेव्हासुद्धा नावेत बसून सोडल्या होत्या. पण त्याच्या पायाला टाके होते आणि कार्तिक चार दिवसांवर होता. बोट घाटाला लागल्यावर मी शर्ट काढला.

त्या पाण्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की अजून तोंडाला पाणी सुटतं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. पायाखाली गाळ, त्यात काहीतरी कापडासारखं, काहीतरी टोचणारं. छातीपाशी झेंडूच्या माळा कुजून काळ्या झालेल्या. कुणाच्या तरी जावळाचे केस माझ्या दंडाला चिकटले. मणिकर्णिकेची राख वरच्या अंगाने येत होतीच. मी तोंड घट्ट मिटून गळ्यापर्यंत आत गेलो, एका हाताने बोटीची कड धरली आणि दुसरा हात तळाखाली घातला.

जाळी लागली. जाळीवर बुळबुळीत, मऊ, पोट फुगलेलं काहीतरी होतं. माझा हात आपोआप मागे आला. परत घातला. ओढलं तर येईना. कशाने तरी गजांत गच्च अडकलं होतं. बोटांनी चाचपत गेलो आणि तार लागली. ती तार गजावरून सोडवत असताना मी मनातल्या मनात त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. नदीत टाकायची घाण कुणी तारेने बांधतं का?

ते सुटलं आणि हातात आलं. मी ते बोटीत फेकलं आणि कसाबसा वर चढलो.

तांदळाची नायलॉनची थैली होती. एका बाजूने फाटलेली. त्यातून कॅलेंडरवरच्या देवांचा लगदा बाहेर आला होता, जळक्या वाती, तुळशीच्या सुकलेल्या माळा, काचेविना एक चौकट, आणि जानव्यांचा एक चिकट पिवळा गोळा. थैलीच्या तोंडाला तांब्याची तार होती. दुहेरी घेऊन उजवीकडे चार पीळ, टोक आत दुमडलेलं, कुणाला टोचू नये म्हणून. कारखान्यात बोल्ट सुटू नयेत म्हणून त्यांना मी पस्तीस वर्षं तारेचा असाच पीळ घातला.

आमच्या घरात देवाधर्मातलं काहीही केराच्या डब्यात जात नाही. जुनी जानवी, उदबत्तीच्या काड्या, देवाचं चित्र असलेला लग्नपत्रिकेचा तुकडासुद्धा नाही. बायको ते वर्षभर साठवते आणि दसऱ्याआधी घर झाडताना एका थैलीत भरून मल्लाहाकडे देते. घाटावर नाही, मधल्या धारेत सोड, असं सांगते. आणि थैली बांधतो मी. वाटेत काही सांडू नये, घाण दिसू नये, म्हणून तारेने. पॉलिथीन टाकणाऱ्यांवर मी ओरडतो ते खरं, पण या थैलीला मी कधी कचरा समजलोच नव्हतो. ते निर्माल्य होतं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, असं आई म्हणायची.

मल्लाहाने थैलीकडे बघितलं, मग इंजिन सुरू केलं. आम्ही पुन्हा वर गेलो. अमृतराव घाट मागे पडला, धार जाड होती. रामनगरच्या पुलापर्यंत पूर्ण जोरात गेलो, काटा जागेवरून हलला नाही. त्याने नळीखाली हात धरला आणि ओला हात कपाळाला लावला. त्याची पाळी वाचली होती.

परत येताना मी विचारलं, तुला माहीत होतं?

तो सुकाणूवरून नजर न काढता म्हणाला, “जिस दिन भाभी की थैली छोड़ी, उसी शाम से गरम हो रहा था। इंजन बंद करके छोड़ना था, हमसे चूक हो गई।”

मग आधी का नाही बोललास? कुणाही पोराला खाली पाठवलं असतंस तर तेव्हाच निघाली असती.

“निकल तो जाती भइया। फिर सारा घाट देखता, किसके घर की है।”

म्हणजे हा माणूस कार्तिकाची पाळी हातातून जाऊ देत, टाके पडलेला पाय घेऊन आठ दिवस बसून राहिला होता, माझी दरोगागिरी घाटावर उघडी पडू नये म्हणून. मला त्या क्षणी थैलीची किळस आली नाही. माझी स्वतःची आली, आणि ती अंगावरच्या घाणीसारखी धुऊन जाण्यातली नव्हती.

घाट जवळ आला तसं त्याने बोट हळू केली, इंजिन बंद केलं आणि थैलीसाठी हात पुढे केला. “लाइए, छोड़ देते हैं। अबकी इंजन बंद है।” तो हे अगदी सहज म्हणाला. आणि खरं सांगतो, मी थैली उचलून त्याच्याकडे करायला लागलोही होतो. एवढं सगळं झाल्यावरसुद्धा. तारेचा पीळ तळहाताला लागला तेव्हा मी थांबलो.

शिंदे घाटाच्या पायऱ्या त्या दिवशी मी गंजीफ्रॉकवर, नखशिखान्त भिजलेला, हातात गळती थैली घेऊन चढलो. वर चहाच्या टपरीपाशी नेहमीचे मल्लाह बसले होते. त्यातल्या एकाने विचारलं, दरोगाजी, काय सापडलं? माझ्यामागे लंगडत येणाऱ्या मल्लाहाने घाईघाईने काहीतरी सांगायला तोंड उघडलं. त्याच्या आधी मी बोललो.

“कचरा है,” मी म्हणालो. “हमारे घर का।”