बेकरीच्या डब्यातली रेल्वे

"बेकरीतला हाय. खास सांगून करून घेतला."

ज्योती हे बोलली तेव्हा मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते. समोर टेबलावर माझा केक. माझ्या कुकरात भाजलेला, माझ्या पोरीनं सजवलेला. कुणीतरी बाईनं विचारलं, कुठून आणला गं, आणि ज्योती हसत हसत हे सांगून राहिली. माझ्याकडं तिनं बघितलं बी न्हाई.

मला आधी वाटलं, थट्टा हाय. आमची तशी थट्टा चालायची. आता वळेल, डोळा मारेल, म्हणेल, ही बघा आमची बेकरी. वळली न्हाई.

उदगीरपासून एसटीनं जायचं एक खेडं, तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्ही दोघी शिकवायचो. उदगिरात घरं बी शेजारी, मधी एक भिंत. ती मला ताई म्हणायची. शाळेत आमचा डबा एकच. माझ्या हातचं वांगं तिला लई आवडायचं, माझ्या डब्यातलं ती पुसून खायची. तिच्या सासरी मोठी शेती, गावात मान. आम्ही बौद्ध. आज्जानं धम्म घेतला तेव्हापासून. हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक. "मी तसलं काही मानत न्हाई ताई," असं ती न विचारता म्हणायची. ज्याला न विचारता सांगावं लागतं त्याच्या मनात ते असतंच, हे मला तेव्हा कुठलं कळायला. मी भोळी. आईनं सांगितलं होतं, बाई, शाळेतली मैत्री शाळेत ठेव. मी आईलाच हसले होते.

ते साल दुष्काळाचं. लातूरला रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली, ते. आमच्याकडं नळाची वाट बघायचं लोकांनी सोडून दिलं होतं. माझ्या बोअरला मात्र पाणी टिकलं. मागच्या अंगाला भिंतीवरून नळी टाकून मी ज्योतीची टाकी रोज पहाटे भरून द्यायची. तिनं मागितलं बी नव्हतं. मीच म्हटलं, घे गं. शेजारी लेकरू तहानलेलं ठेवून आपल्या घशाखाली पाणी कसं उतरावं?

तिच्या पोराचा, शौर्यचा, पाचवा वाढदिवस आला. पोरानं टीव्हीवर ती पाण्याची रेल्वे बघितलेली. हट्टच धरला, केक पाहिजे तर तसलाच, इंजिन आणि पाण्याचे डबे. ज्योती माझ्याकडं आली. ताई, तुझ्यासारखं कुणाला जमतंय, म्हणाली. मी फुगले. का खोटं सांगू, लई फुगले.

कुकरची शिट्टी काढली, रिंग काढली, तळाला मीठ पसरलं. मैदा, दही, दूध, खायचा सोडा. अंडं घातलं न्हाई, तिच्या घरी चालत न्हाई म्हणून. पहिला केक मधी बसला, तो आम्हीच खाल्ला. दुसरा नीट फुगला, त्याचं इंजिन कापलं. पाण्याचे डबे गोल पाहिजेत, म्हणून बिस्किटं कुटून, कोको घालून दुधात मळली आणि त्याचे लांब रोल वळले. चाकं क्रीमच्या बिस्किटांची. ऊन असं की क्रीम थापावं आणि ते घसरावं. रुळाखालची खडी कशाची करावी ते सुचेना. माझी यशू पहिलीत होती, ती म्हणाली, चिक्कीची कर. खलबत्त्यात शेंगदाण्याची चिक्की तिनंच कुटली. मला हात लावू देईना. ज्योती माझ्या ओट्यावर पाय हलवत बसलेली, पातेल्यातलं क्रीम बोटानं चाटून राहिली होती. किती हसलो आम्ही त्या दिवशी.

जाताना तिनं एक मोठा रिकामा डबा माझ्याकडं ठेवला. एका बेकरीचं नाव छापलेला. क्रीमला धूळ लागू नये, यातनं आण, म्हणाली. आणि मागच्या दारानं आण, शौर्यला आधी दिसायला नको. मला ते बी आवडलं. लेकराला चकित करायचं म्हणून मी भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, मागच्या दारानं गेले. म्हणजे बघा, चोरी तिची आणि चोरासारखी गेले मी.

संध्याकाळी घर भरलं. बाहेर मांडवात ज्योतीचा नवरा आणि त्याची मंडळी. उदगीर नवा जिल्हा झालाच पाहिजे म्हणून त्यांची समिती होती. कलेक्टरची कचेरी कुठं येईल, मोठा दवाखाना कुठं होईल, लातूरनं आपल्यावर कसा अन्याय केला, हेच चाललेलं. अन्याय हा शब्द मला आतपर्यंत ऐकू यायचा.

आत पाच जणी शौर्यला ओवाळायला उठल्या. मी बी उठले. ज्योतीनं माझा हात दाबला. "तू फोटो काढ ना ताई, तुझा फोन चांगला हाय." मला ओवाळायची काही हौस नव्हती. फोटो काढले. मग ते बेकरीचं बोलणं झालं. लेकराचा दिवस हाय, कशाला खराब करा, असं मनाला समजावून राहिले. आमच्या लोकांना ही सवय पिढ्यांची. दुसऱ्याचा सण खराब होऊ नये म्हणून आपण गिळायचं.

ज्योतीची सासू खुर्चीत बसून केक खात होती. गावची विहीर आटली म्हणून म्हातारी उन्हाळ्यापुरती लेकाकडं आलेली. आल्या दिवशीच तिनं रस्त्यावरून माझ्या भिंतीवरचा बुद्ध बघून घेतला होता. खाता खाता ती सहज म्हणाली, बेकरीवाल्यानं खडी लई झ्याक केली, कशाची हाय कुणाला ठाऊक.

माझी यशू तिच्या पुढ्यातच होती. तिला सांगू नको असं कुणी सांगितलंच नव्हतं.

"चिक्कीची हाय. मी कुटली. केक माझ्या आईनं केला."

म्हातारीनं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. बशी खाली ठेवली. तोंडातला घास हातात काढला. कुणाच्या तरी हातातला पाण्याचा तांब्या ओढून घेतला, मोरीत गेली आणि खळाखळा चुळा भरल्या. अख्खा तांब्या रिकामा केला. ज्या साली लोक भांडी राखेनं कोरडीच घासत होते त्या साली.

ज्योती पुढं झाली. मला वाटलं, आता बोलेल. आता तरी. तिनं कोपऱ्यातला डबा उचलून सासूला दाखवला.

"लेकरू हाय आत्या, कायबी बोलतंय. पोरांना खोटं बोलायची सवयच असती. हा बघा की डबा."

यशूनं माझ्याकडं बघितलं. रडली न्हाई. नुसतं बघितलं, खरं काय ते आई सांगेल म्हणून. माझा केक बेकरीचा झाला, ते मी गिळलं असतं. पण मी आता गप्प राहिले तर माझी पोर खोटी ठरणार होती, ती बी माझ्या तोंडानं. आणि पुढं जन्मभर ती स्वतःच्या हातचं सांगताना आधी चार बाजूला बघणार होती. जशी मी बघते.

"माझी पोर खोटं बोलत न्हाई," मी म्हटलं. "केक मी केला. ज्योतीनं माझ्या ओट्यावर बसून चाटला. आणि आत्या, आता चुळा भरल्या ते पाणी बी माझ्याच बोअरचं हाय."

"टाकी टँकरवाला भरून जातो म्हणत होतीस की," म्हातारी ज्योतीला म्हणाली. ज्योतीचं तोंड उतरलं. म्हणजे केकच्या आधीपासून, रोज, माझं पाणीसुद्धा ती बेकरीच्या डब्यात घातल्यासारखंच घरात नेत होती.

केक मी उचलला न्हाई. लेकराचा होता, ते खात होतं. यशूचा हात धरला आणि पुढच्या दारानं बाहेर पडले, जिल्हा मागणाऱ्या मंडळींच्या मधून. कुणी उठलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी एसटीत ज्योती माझ्या शेजारी येऊन बसली. रडली. मी तुझ्यासाठीच केलं ताई, म्हणाली, तुझ्या हातचं सगळ्यांनी आवडीनं खावं म्हणून. तू थोडं सांभाळून घेतलं असतंस तर काय बिघडलं असतं? आणि मग हळूच, नळी आता आत्या निजल्यावर टाकत जा.

म्हातारीचा मला तेवढा राग न्हाई. ती समोरून वार करते. ही माझ्या डब्यातलं खाऊन माझं नाव पुसत होती, आणि वर त्याला माया म्हणत होती.

मी म्हटलं, "पाणी तोडणाऱ्यांतली मी न्हाई. पाहिजे तेवढं घे. पण दिवसा घे, आत्याच्या देखत, कुणाचं हाय ते सांगून."

तिनं घेतलं न्हाई. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिच्या दारात विकतचा टँकर लागला. शाळेत मी माझा डबा घेऊन पोरांच्या पंगतीत बसायला लागले.

यशू आता मोठी झाली. त्या दिवसाचं तिच्या लक्षात हाय का, मी विचारलं न्हाई. माझ्या लक्षात हाय. माझं नाव झाकून माझ्या हातचं आता कुणाच्या घरात जाणार न्हाई. ज्याला खायचंय त्यानं आधी चार लोकांत माझं नाव घ्यावं. ते जमत नसेल तर उपाशी राहावं.