बडे बाबूंच्या ड्रॉवरमधली चावी

मी आठवीत होते तेव्हा मला आईचा संशय येऊ लागला. आम्ही जबलपूरला राहायचो आणि ती तिथल्याच एका सरकारी ऑफिसात टायपिस्ट होती. सगळ्या ऑफिसात एकटीच बाई. सकाळी आम्ही चहा प्यायचो, तेव्हा ती कप घेऊन नुसती इकडेतिकडे फिरायची आणि आमचं लक्ष नाही असं पाहून मोरीत ओतून द्यायची. भर उन्हाळ्यातही घरून निघताना पाण्याचा घोट नाही. संध्याकाळी आली की चपला दारातच टाकून, कोणाशी न बोलता थेट मागच्या संडासाकडे धावायची. रविवारी मात्र तांब्यामागून तांब्या पाणी प्यायची. सुट्टीच्या दिवशीच तहान लागते, हे मला पटेना.

बाबा फॅक्टरीत फिटर होते. त्यांनाही खटकत होतं.

"काय लपवून राहिली तू?" त्यांनी एकदा जेवताना विचारलं.

"कुठं काय!" म्हणून ती भात वाढायला उठली.

बाबांना वाटायचं, तिला मोठा आजार असावा. माझ्या मनात त्याहून वाईट यायचं. ती तिकडे कोणासोबत तरी चहा पीत असेल. ती आंघोळीला गेली की मी तिची पर्स उघडून बघायचे. रुमाल आणि कंगव्याशिवाय काही सापडायचं नाही.

मे महिन्यात एका दुपारी कमरेत कळ येऊन आई ऑफिसातच खाली बसली. दवाखान्यात मी सोबत गेले. मुतखडा निघाला. डॉक्टरांनी विचारलं, "पानी कितना पीती हैं?"

"खूब पीती हूँ," आई म्हणाली.

रिक्षात बसल्यावर मी विचारलं, "खोटं काहून बोलली?"

आधी तिने रिक्षावाल्याच्या पाठीकडे पाहिलं. मग हळूच सांगितलं. ऑफिसात एकच संडास होता आणि त्याला कुलूप. पुरुष मागच्या भिंतीआड जाऊन यायचे. चावी बडे बाबूंच्या, म्हणजे हेडक्लार्कच्या, ड्रॉवरमध्ये. मागायला गेलं की ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "फिर से? अभी तो गई थीं, मैडम!" आणि खोलीभर हसू पसरायचं. म्हणून तिने पाणीच सोडलं होतं.

त्या संध्याकाळी बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ती चावी घडीभर तुझ्या हाती येते ना?"

दुसऱ्या दिवशी आईने डब्यात मळलेल्या कणकेचा गोळा नेला आणि त्यावर चावी दाबून ठसा आणला. बाबांनी कानस घेऊन पत्र्याची चावी घासली. ती लागली. आई सकाळचा चहा प्यायला लागली.

आता संशय बडे बाबूंना आला. "मैडम आजकल चाबी नहीं माँगतीं?" ते विचारायचे आणि ती उठली की मागोमाग उठायचे. काही दिवसांतच दारावर नवं कुलूप दिसलं.

आई सरळ त्यांच्या टेबलापाशी गेली. "अंदर ऐसा क्या रखा है, बाबूजी, जो ताला लगाते हो?"

"बाहर के लोग गंदा कर देते हैं."

"तो मैं बाहर की हूँ?"

या वेळी कोणी हसलं नाही. आवाज ऐकून साहेब केबिनबाहेर आले. त्यांनी चावी मागून घेतली, कुलूप काढायला लावलं आणि आतून कडी बसवायला सांगितलं. आतला नळ मात्र कोरडाच होता. आणखी दोघी बायका नोकरीला लागून तो नळ सुरू होईपर्यंत आई अंगणातल्या नळावरून स्वतः बादली भरून नेत राहिली. ती आत असताना बडे बाबू व्हरांड्यात येऊन उभे राहायचे, म्हणून ती कडी लावून शिवाय दाराला बादली टेकवायची.

पुढे मी कॉलेजात गेले. पहिल्या दिवशी वर्ग शोधायच्या आधी मी मुलींचा संडास शोधला. आत जाऊन कडी लावून पाहिली, दार ओढून पाहिलं, मग नळ सोडला. पाणी आलं. तरी मी ते थांबतं का, हे पाहत बराच वेळ उभी होते.